पोटातलं मागते

“आमच्याकडे बायका असलं काही करत नाहीत,” असं मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ते माझ्या नातीला, दामिनीला. ती टेबलावर पोट उघडं टाकून पडली होती आणि पोटावरची थंड जेली अजून पुसायची होती. साखर कधी वाढली होती का, ब्लडप्रेशरची गोळी सुरू आहे का, जेवण जातं का, आणि त्याच सुरात, पडद्यावरची नजर न काढता, “सिगारेट, तंबाखू, खर्रा? घरात कुणी? तू स्वतः?” त्याआधी बराच वेळ त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं होतं. मग म्हणाल्या होत्या की सातवा महिना अर्धा होत आला, पण बाळ अजून सहाव्यातच आहे. डोकं ठीक आहे, पोटाचा घेर भरत नाही. दामिनीची सासू ताराबाई पायांशी पर्स छातीला धरून उभी होती, मी उशाशी. दामिनीने तोंड उघडलं. एसी चालू असून तिच्या वरच्या ओठावर घाम होता. तिने तोंड उघडलं हे मी पाहिलं, आणि मी बोलले. आवाज शाळेतला निघाला, महापालिकेच्या शाळेत जन्म घालवलेल्या बाईचा, ज्याच्यापुढे पालकसुद्धा गप्प बसत. डॉक्टरीणबाई फक्त “बरं” म्हणाल्या. कागदाचे रुमाल दामिनीच्या हातात देत म्हणाल्या, “मग कारण दुसरीकडे शोधावं लागेल.”

दुसरीकडे म्हणजे तिच्या रक्तात, तिच्या थायरॉइडमध्ये, तिच्या नवऱ्याच्या, अंकुरच्या घराण्यात, आमच्या घराण्यात. खालच्या मजल्यावर एका मुलीने दामिनीच्या हातातून नळीमागून नळी रक्त काढलं. दामिनी भिंतीवरच्या पाटीकडे बघत होती, इथे गर्भलिंग सांगितले जात नाही, आणि मी तिच्या कोपराच्या खळीकडे. जे तिथे नाही हे मला ठाऊक होतं ते शोधण्यासाठी सुई आत गेली होती. मी तेव्हाही बोलू शकले असते. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, “आजी, तुम्हाला चक्कर येत असेल तर बाहेर बसा,” आणि मी बाहेर जाऊन बसले. परतताना कॅबमध्ये ताराबाई पुढे बसल्या आणि मान वळवून वळवून माझ्याशीच बोलत राहिल्या. “बरं सांगतलं तुमी, यमुताई. आजकाल डॉक्टर लोकं काहीही विचारून राहिले. आपल्या घरच्या पोरी काय तशा आहेत का.” सिग्नलला दुपट्ट्यात तोंडं बांधलेल्या मुली स्कूटरवर उन्हात थांबल्या होत्या, डोळे तेवढे दिसत होते. “अन बारीक आहे तं काय झालं. बारीक पोर सुटायले सोपं. मी डिंकाचे लाडू आणीन, खाशील ना वं दामिनी?” दामिनी हो म्हणाली. बारीक पोर सुटायला सोपं. हेच शब्द मी लहानपणी तांडापेठेतल्या आमच्या घरात सुईणीच्या तोंडून ऐकले होते, आणि तेव्हा ती शुभवार्ता होती.

दामिनीला मी वाढवलं. तिची आई ती पाचवीत असताना गेली, बाप, म्हणजे माझा मुलगा, बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्या करत राहिला, आणि तिच्या वेण्या, तिचे डबे, तिची पहिली पाळी, तिच्या पुण्याच्या हॉस्टेलच्या पिशव्या, सगळं माझ्याकडे आलं. बाळंतपणाला ती मानेवाड्याच्या घरी माझ्याकडेच येणार हे ठरलेलंच होतं. मिहानमधल्या तिच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली म्हणून ती जरा आधीच आली. आल्यानंतरच्या आठवड्यात मी वाळलेल्या कुरड्या काढायला गच्चीवर गेले, तर ती पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत उभी होती, पाठ भिंतीला, एक हात पोटाखाली आणि दुसरा मागे लपवलेला. मागच्या हातातून धूर वर येत होता. कुरड्या तशाच उन्हात राहिल्या. मग ती म्हणाली, “दोनच आजी. दिवसाच्या दोनच. आधी कितीतरी होत्या, सोडून सोडून दोनवर आली. पण ह्या टायमाले जीव असा घाबरते ना, असं वाटते आतूनच कोणी मागून राहिलं.”

आतून कोणी मागतं. तिने ते सहज म्हटलं असेल. माझ्या आत मात्र ते शब्द एका जुन्या जागेवर जाऊन बसले, जशी सुताची कांडी मागाच्या धोट्यात बसते. मी रागावले नाही. खाली आले आणि बडीशेप काढून तिच्या टेबलावर ठेवली. पुढे पुढे तर ती दुपारी चप्पल घालून जिन्याकडे निघाली की मी पुढच्या खोलीत येऊन बसायचे, कुणी आलंच तर दारावर थोपवता यावं म्हणून. शेजारची बाई एकदा पापडांना ऊन दाखवायला वर जायचं म्हणाली, तर मी तिला चहा करून दिला. मनात मी त्याला सिगारेट म्हणत नव्हते. माझ्या मनात त्याचं नाव डोहाळा होतं.

तांडापेठेत आमच्या घरात दोन खड्डामाग होते. एकावर बाबा, नत्थूजी, नऊवारी विणत, दुसऱ्यावर काका. माझी आई जनाबाई रहाटावर कांड्या भरायची, दिवसभर, मांडी घालून, उजव्या हाताने चाक फिरवत आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडत. ताण्याच्या सुताला लावायची खळ अंगणात शिजायची. तो आंबूस, चिकट वास कपड्यांत, अंथरुणात, वरणात उतरलेला असे. आम्हाला तो जाणवतही नसे. पण माझ्या धाकट्या भावाच्या, विश्वनाथच्या वेळी आईला तो वास सहन होईना. सकाळपासून ओकायची, काही पोटात ठरायचं नाही, रहाट थांबायचा आणि रहाट थांबला की मागही थांबायचा. तेव्हा आजीने, बाबांच्या आईने, आपल्या तोंडातली बिडी काढून तिला दिली. “दोन झुरके घे, जना. बसते मळमळ.” आमच्या आळीत म्हाताऱ्या बायका बिडी ओढायच्या, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मळमळ खरंच बसली. आई पुन्हा रहाटाला बसली. मग दुसऱ्या दिवशी, मग रोज, मग दिवसातून अनेकदा. बिडी पेटवून आणायला मला चुलीकडे पाठवत. मी जळकं लाकूड फुंकून त्यावर बिडीचं तोंड टेकवायचे, आणि ती धरली की धावत आणायचे, विझू नये म्हणून तळहाताचा आडोसा करून.

एकदा काकूने म्हटलं होतं, बाई एवढी बिडी बरी नाही. आजीने तिला तिथल्या तिथे गप्प केलं. “तिचं पोटातलं मागते. ते जे मागीन ते द्यावं लागते. डोहाळा मारला तं लेकराचे कान फुटते.” आणि पुराव्यादाखल तिने समोरच्या घरातल्या पोराचं नाव घेतलं, ज्याच्या कानातून बारा महिने पू वाहायचा, कारण त्याच्या आईला भर उन्हाळ्यात सीताफळ खावंसं वाटलं होतं आणि ते मिळालं नव्हतं. दुसऱ्या बायकांना चिंच लागायची, भाजलेली माती लागायची, माझ्या आईला बिडी लागत होती. इतकंच होतं ते. घरात तिचे किती लाड झाले. बाबा माल घालायला इतवारीच्या बाजारात जात तेव्हा येताना न विसरता बिडीचा कट्टा आणत आणि तो तिच्या रहाटाजवळ ठेवून, काही न बोलता, मागाच्या खड्ड्यात उतरत. माझ्या बाबांनी आईला दिलेली दुसरी कोणतीही वस्तू मला आठवत नाही.

लाज फक्त मला वाटत होती. शाळेत आमच्या बाई पांढरं पातळ नेसून यायच्या, त्यांच्या अंगाला साबणाचा वास यायचा, आणि आपल्या घराला कसला वास येतो ते मला त्यांच्यामुळे कळलं. एक दिवस त्या घरी आल्या. मुलगी हुशार आहे, हिला चौथीनंतर कांड्या भरायला बसवू नका, एवढंच सांगायला आल्या होत्या. मी पुढे धावत येऊन आईला सांगितलं, “बिडी फेक, आमच्या बाई येऊन राहिल्या.” फेकायला वेळ नव्हता, सभोवती सूत पडलेलं होतं. आईने पेटती बिडी मुठीत मिटली. बाई उंबऱ्यात उभ्या राहून बोलत होत्या, आई मान हलवत होती, हो बाई, शिकवू बाई, आणि तिच्या मुठीतून, बोटांच्या फटीतून, धुराची एक बारीक रेघ सरळ वर निघाली होती. बाईंनी ती पाहिली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं की त्यांनी पाहिली. त्या गेल्यावर आईने मूठ उघडली आणि म्हणाली, “गेल्या का वं तुह्या बाई?” मी तिच्या तळहाताकडे पाहिलं नाही. मी दाराकडे पाहत होते, बाई वळून बघतात की काय म्हणून. त्या भेटीमुळे मी शिकले, मास्तरीण झाले, पांढरं पातळ नेसले. आईच्या तळहातावर डाग राहिला होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

विश्वनाथ वेळेआधी आला. सुईण खूश होती, जनाबाईला काही त्रासच झाला नाही, पोर आलं ते कळलंही नाही. त्याला पिंजलेल्या कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि टोपली चुलीपासून हातभर अंतरावर. त्याचे कान मला आठवतात, पातळ, केसाळ, डोक्याला चिकटलेले. आजीने ते आधी तपासले. कान चांगले होते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, डोहाळा पुरवल्याचं फळ मिळालं. आई मात्र टोपलीजवळ बसून राहायची. दूध ओढायची ताकद त्याच्यात नव्हती, ती कापसाच्या वातीने थेंब थेंब तोंडात सोडायची, आणि दुसऱ्या हातात बिडी असायची, कारण आता ती सवय झाली होती. एकदा मी शाळेतून आले तेव्हा ती त्याच्याकडे बघत म्हणत होती, कुणाला उद्देशून ते माहीत नाही, “मागतलं ते सारं देलं याले. तरी असा काहून झाला?” माझ्या आयुष्यात मी इतके प्रश्न ऐकले, मुलांचे, पालकांचे, तपासणीला येणाऱ्या साहेबांचे. हा एकच तसाच राहिला. आईला कुणी उत्तर दिलं नाही, आणि ती गेली तेव्हाही तिची समजूत हीच होती की आपण काही कमी पडू दिलं नव्हतं.

तपासण्यांचे रिपोर्ट आले. सगळे चांगले. ताराबाईंचा फोन आला, देवाची कृपा म्हणाल्या. दामिनीने फोन ठेवला आणि पलंगावर कुशीवर झोपून राहिली, भिंतीकडे तोंड करून. कूलरच्या ओल्या खसचा वास खोलीत भरला होता. मला एकाएकी विश्वनाथशी बोलावंसं वाटलं. तो उमरेडला असतो. माझ्यापेक्षा लहान, पण दिसतो मोठा. जन्मभर दम्याने त्याला माग चालवू दिला नाही, सुताचा कण छातीत जायचा, म्हणून त्याने घड्याळं दुरुस्त केली. फोनवर आधी त्याचा श्वास येतो, मग तो. मी त्याला सगळं सांगितलं, दामिनीचं, गच्चीचं, डॉक्टरांचं. वाटलं होतं तो धीर देईल. तो म्हणाला, “मंग तू काय म्हणली डॉक्टरले?” मी माझं वाक्य त्याला सांगितलं. पलीकडे नुसती छातीतली शिट्टी ऐकू येत राहिली. “बाया असं करत नाही म्हणली?”

“तोंडातून निघून गेलं रे.”

“मंग आपली आई काय बाई नव्हती का वं, यमे?”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला, बराच वेळ. पाणी प्यायल्याचा आवाज आला. “मी तं सांगतो लोकाइले,” तो म्हणाला, “मी माह्या आईच्या बिडीचं थोटूक आहो. पण सांगतो. लपवत नाही. तिले कुठं माहीत होतं. तिनं मले उपाशी नाही ठेवलं, तिच्या हिशोबानं. तुमाले तं माहीत आहे ना आता? तू शिकेल आहे, पोरगी शिकेल आहे.” मग आवाज खाली आणून, “राग नको मानू. त्या लेकराले माह्यासारखं श्वास मोजत बसा लागू नये, म्हणून म्हणून राहिलो.” मी फोन ठेवला. जन्मभर मी जिची लाज बाळगली ती बाईमाणसाच्या हातातली बिडी होती. शाळेच्या बाईंनी पाहिलं, लोकांनी पाहिलं, विहीण पाहील. टोपलीतल्या त्या कापसाकडे, त्यात जे चुकलं होतं त्याकडे, माझी लाज कधी वळलीच नव्हती. ती सदा दाराकडे तोंड करून उभी होती.

दामिनीची गच्चीवर जायची वेळ झाली होती. ती गेली, मी पुढच्या खोलीत बसले नाही, तिच्या मागून वर गेले. जिना मला जड जातो, तिने पावलं ऐकली असणार. टाकीमागे उभी होती, सिगारेट हातात होती, पण पेटवलेली नव्हती. सिमेंट तापलं होतं, चपलेतून चटका बसत होता. मी म्हणाले, “दामिनी, आपल्याला डॉक्टरांना सांगावं लागेल. तू सांग.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला नजर काढून घ्यावीशी वाटली. “मी सांगतच होती ना आजी,” ती म्हणाली. “त्या दिवशी. मी रात्रभर ठरवून आली होती, विचारलं की सांगून टाकीन, अंकुरच्या आई असल्या तरी सांगून टाकीन. तोंड उघडलं होतं मी. तू बोलली. तू बोलल्यावर मी काय बोलू? तुले खोटी पाडू, त्यांच्यासमोर?” तिने सिगारेटचं टोक दोन बोटांनी दाबलं, तंबाखू भुरभुरत तिच्या गाऊनवर पडला. “अन मले वाटलं, आजी एवढी ठासून सांगते, म्हणजे तितकं काही नसंन. तूच तं दारावर बसत होती. मले माहीत नाही का.” हे शेवटचं ती रागाने म्हणाली नाही. तिच्या आवाजात रागापेक्षा वाईट काहीतरी होतं, विश्वास होता, जो तिने त्या दिवसापर्यंत माझ्यावर ठेवला होता. मी भिंतीला हात टेकला, भिंतही तापलेली होती. तिला काय सांगणार होते, की मी तुझे डोहाळे पुरवत होते? मी म्हणाले, “खाली चल, पाय भाजतील.” ती म्हणाली, “तू जा.” मी जिन्याच्या अर्ध्यात थांबले. काडीपेटीचा आवाज आला. मी तिथेच खाली बसले, आणि धूर जिन्यात उतरला तेव्हा नाक झाकलं नाही.

दुसऱ्या तपासणीला ताराबाई लाडवांचा डबा घेऊन आल्या. पुन्हा तीच खोली, तीच जेली, ताराबाई पायांशीच. पोटातल्या ठोक्यांचा आवाज डॉक्टरीणबाईंनी मोठा केला, घाईघाईचा, आमच्या आईचा रहाट रिकामा फिरायचा तसा, कांडीवर सूत नसताना. डॉक्टरीणबाई पडद्यावर रेघा ओढत होत्या. बाळ वाढलं होतं, पण वाढायला हवं तितकं नाही. वारेतून बाळाला रक्त पुरेसं जात नाही असं दिसतं, रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत, म्हणाल्या, मला जरा कोडंच पडलंय. अजून एक मोठी तपासणी करावी लागेल, सुई पोटातून आत घालून, तिच्यात थोडा धोका असतो, पण कारण कळलं पाहिजे. दामिनीने डोळे मिटून घेतले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यावरून मला कळलं की या वेळी ती माझ्या आधी तोंड उघडणार नाही, मला खोटं ठरवणार नाही, सुई घालून घेईल.

“माझी आई बिडी ओढत होती,” मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं म्हातारी भरकटली. “हो का,” त्या म्हणाल्या. मी थांबले नाही. आवाज शाळेतला नव्हता, कुठला होता मला माहीत नाही. “माझा भाऊ पोटात होता तेव्हा. घरचेच देत होते, पोटातलं मागतं म्हणून. तो एवढासा झाला. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं आमच्याकडे बायका असलं काही करत नाहीत, ते खोटं होतं. करत होत्या.” मला पुढे एक वाक्य बोलायचं होतं आणि ते माझं नव्हतं. मी दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला, केस घामाने ओले होते, आणि गप्प राहिले. तिला जागा मोकळी करून देणं, एवढंच मला जमण्यासारखं होतं, आणि तेही उशिरा. ठोके चालू होते. मग दामिनी डोळे न उघडता म्हणाली, “मी ओढते डॉक्टर. सिगारेट. दोन, कधी कधी तीन. सुरुवातीच्या महिन्यात जास्त.”

कुणी ओरडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावरून उचललं, आवाज बंद झाला. त्यांनी दामिनीला काही म्हटलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “हे त्या दिवशी कळलं असतं, तर हे दिवस वाया गेले नसते.” मग स्टूल ओढून दामिनीजवळ बसल्या आणि साध्या शब्दांत सांगू लागल्या. धुरातला एक वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. वारेतून बाळाकडे जे जायचं ते रोज थोडं थोडं कमी जातं, आणि बाळ मिळेल तेवढं डोक्यासाठी राखतं, पोट रिकामं ठेवतं. दामिनी म्हणाली, “पण मले वाटते ते आतून मागते. नाही घेतली की तेच तळमळते असं वाटते.” त्या म्हणाल्या, “ते मागत नाही, बेटा. मागणं तुझ्या सवयीचं आहे. त्याला मागता आलं असतं, तर त्याने दुसरंच मागितलं असतं.” आईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, इतक्या वर्षांनी, आणि ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सुईची तपासणी आता नको म्हणाल्या. आज बंद केलंस तर तो वायू एक-दोन दिवसांत रक्तातून उतरतो. गेलेलं सगळं भरून येईल असा शब्द मी देत नाही, पण वजन याच महिन्यांत भरतं, अजून वेळ आहे. एकटीने सोडायचं नाही, आमच्याकडे त्यासाठी एक मॅडम बसतात, त्यांना भेटायचं, आणि घरच्यांनी सोबत राहायचं, पहारा द्यायचा नाही. हे शेवटचं त्या कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर ताराबाई डबा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. बराच वेळ त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. “अंकुरले माहीत आहे?” त्यांनी विचारलं. दामिनी हो म्हणाली. “म्हणजे मलेच नव्हतं.” मग माझ्याकडे न बघता, हुबेहूब माझ्या आवाजात, “आमच्याकडे बायका असलं काही करत नाहीत.” मी मान खाली घातली. शाळेच्या बाईंच्या डोळ्यांत मी जे पाहिलं होतं ते आता माझ्याकडे बघत होतं, आणि या वेळी ते योग्य माणसाकडे होतं. ताराबाईंनी डबा उघडला, एक लाडू काढला, दामिनीच्या हातात कोंबला. “खा. तोंड काय पाहून राहिली माह्यं. खा म्हणते ना.” दामिनी रडत रडत खाऊ लागली, डिंक दाताखाली कडकड वाजत होता. मला त्यांनी लाडू दिला नाही.

आज दुपारी त्या वेळेला दामिनी उठली, चपलेपर्यंत गेली, परत आली आणि माझ्या खाटेवर कूलरसमोर येऊन बसली. पाय हलत होते, ओठ आवळलेले. उजवी मूठ घट्ट मिटून तिने मांडीवर ठेवली होती, पांढरी पडेपर्यंत. मी पेपर वाचत होते, म्हणजे धरून होते. त्या मुठीत काय आहे असा विचार माझ्या मनात आला. तो येऊ नये असं वाटत असतानाच माझा हात पुढे गेला आणि मी तिची मूठ उघडू लागले, एकेक बोट, माझ्या हातात जोर नाही म्हणून वेळ लागला. तिने उघडू दिली. आत काही नव्हतं. घाम होता आणि नखांच्या चार लाल खुणा. मी तो तळहात पाहिला, नीट, चष्मा लावून, रेघा, खुणा, अंगठ्याच्या बुडाशी लहानपणीचा पतंगाच्या मांज्याचा व्रण. पाहून झाल्यावर मला लाज वाटली, की मी तपासला. हात सोडायला गेले, तर तिने सोडला नाही.

“पाहून घेतलं?” ती म्हणाली.

“हो.”

“उद्या पण पाहशील?”

मला खोटं बोलता आलं असतं. “हो,” मी म्हणाले.

“पाहत जा,” ती म्हणाली, आणि मूठ पुन्हा मिटली, माझी बोटं आत ठेवून.